'सगळी जोखीम कंपनीची' असं लिहिलं की शहर सुटलं का?

तुमचा प्रश्न असा: महापालिका ५० एमएलडीचा (रोज ५ कोटी लिटरचा) सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प पीपीपीवर, म्हणजे खासगी कंपनीच्या भागीदारीत, करणार आहे, करारनाम्यात सगळी जोखीम कंपनीवर टाकली तर शहर सुरक्षित राहील ना?

नाही राहणार. 'खासगी भागीदार आला की जोखीम त्याची' या वाक्याशी माझं जुनं भांडण आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

आधी एक कलम बघा, जे सभागृहात कुणी वाचत नाही: टर्मिनेशन पेमेंट, म्हणजे करार मुदतीआधी मोडला तर कंपनीला द्यायची रक्कम. आपल्याकडच्या नमुना करारनाम्यांत साधारण असं असतं की प्रकल्प सुरू झाल्यावर कंपनीच्या चुकीने करार मोडला तरी सरकारी बाजूने थकीत कर्जाच्या ९० टक्के (विम्याची रक्कम वजा करून) द्यायचे. चूक सरकारी बाजूची असेल तर पूर्ण कर्ज, शिवाय कंपनीने घातलेल्या समायोजित भागभांडवलाच्या १५० टक्के. म्हणजे कंपनी बुडाली तरी बँकेचा बहुतेक पैसा तुमच्याच तिजोरीतून जाणार. हे कलम नसेल तर बँक कर्जच देत नाही, म्हणून ते काढताही येत नाही. त्यात समोर असते ती फक्त या प्रकल्पापुरती काढलेली वेगळी कंपनी, एसपीव्ही. मूळ कंपनी भागभांडवल आणि दिलेल्या हमीपलीकडे सहसा बांधील नसते. मग 'सगळी' जोखीम गेली कुठे?

मुंबईची मेट्रो एक घ्या. वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर, ११.४ किमी, १२ स्थानकं. २००७ मध्ये करार, ३५ वर्षांची मुदत, त्यातली पाच बांधकामाची. खर्चाचा अंदाज २,३५६ कोटी, त्यात व्हीजीएफ (प्रकल्प परवडावा म्हणून दिलेलं सरकारी अनुदान) ६५० कोटी. कागदावर विभागणी चोख होती: बांधायचं, चालवायचं, प्रवासी मिळवायचे हे कंपनीचं काम, जागा आणि परवानग्या सरकारी बाजूच्या. पण जागा म्हणजे काय? रस्त्याच्या मधोमध खांब उभा करायचा तर खालची पाण्याची वाहिनी, केबल, गॅस, गटार हे सगळं आधी हलवायचं, आणि प्रत्येकाचा मालक वेगळा. अंधेरीला पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून पूल न्यायचा तर रेल्वेची मंजुरी, कामासाठी गाड्या थांबवणारा ब्लॉक, पुन्हा आराखडा. यातलं काहीही कंपनीच्या हातात नव्हतं आणि सरकारी बाजूच्या एमएमआरडीएच्याही (मुंबई महानगर विकास प्राधिकरणाच्याही) पूर्ण हातात नव्हतं. गाडी धावली ८ जून २०१४ ला. तोवर कंपनी ४,३२१ कोटी खर्च झाल्याचं सांगत होती.

खरी मेख भाड्यात होती. करार झाला तेव्हा ट्राम्वे कायदा गृहीत होता आणि भाड्याची चौकट करारातच होती. पुढे केंद्राचा मेट्रो कायदा लागू झाला. त्याच्या कलम ३३ प्रमाणे पहिलं भाडं मेट्रो प्रशासन, म्हणजे इथे कंपनीच, समितीविना ठरवू शकते. सरकार म्हणत होतं ९, ११, १३ रुपये. कंपनीने लावले १० ते ४०. कोर्टकज्जा सुरू. भाडे निश्चिती समितीने २०१५ मध्ये १० ते ११० ची शिफारस केली, ती २०१७ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली. खर्चवाढीचा वाद लवादाकडे गेला, आणि २०२३ मध्ये निवाडा कंपनीच्या बाजूने लागला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा ७४ टक्के वाटा ४,००० कोटींना घ्यायचं ठरवलं, जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला.

यात खलनायक शोधू नका. कायदा बदलला तर भाड्याच्या कलमाचं काय होईल, ही एक ओळ करारात घट्ट बसवायची राहिली, आणि 'प्रवाशांची जोखीम कंपनीची' म्हणून सगळे निवांत राहिले. प्रवासी तर भरपूर आले, वाद झाला तो दर कोण ठरवणार यावर.

दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचं उलटं. २२.७ किमी, फेब्रुवारी २०११ ला सुरू. पूल आणि बोगदे डीएमआरसीने, म्हणजे दिल्ली मेट्रोच्या सरकारी कंपनीने, बांधले. रूळ, सिग्नल, गाड्या आणि चालवणं खासगी कंपनीकडे. जुलै २०१२ मध्ये पुलाच्या गर्डरखालच्या बेअरिंगमध्ये दोष निघाले आणि सेवाच बंद झाली. दोष बांधकामाचा, तोटा चालवणाऱ्याचा. कंपनीने करार मोडला, जुलै २०१३ पासून डीएमआरसी स्वतः चालवू लागली. २०१७ मध्ये लवादाने कंपनीला सुमारे २,७८२ कोटी द्यायला सांगितले, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने क्युरेटिव्ह याचिकेत (अंतिम निकालानंतरच्या शेवटच्या दादेत) ते फिरवलं. एका सांध्यामुळे बारा वर्षं गेली. जिथे दोन पक्षांची कामं एकमेकांना टेकतात, तिथे संयुक्त तपासणी आणि दोघांच्या सह्यांच्या ताबापत्रकाचा नमुना करारालाच जोडलेला हवा. नुसतं 'समन्वय राखावा' लिहून काही होत नाही.

कोल्हापूरच्या टोलबद्दल मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. शहरातले जेमतेम ५० किमी रस्ते, त्यावर टोल, आणि लोकांनी तो मान्यच केला नाही. लोक पैसे देतील की नाही, ही जोखीम कुठलीही कंपनी उचलू शकत नाही. ती सभागृहाची असते.

आता तुमचा सांडपाणी प्रकल्प, एसटीपी. बहुधा हॅमवर (हायब्रिड ॲन्युइटी मॉडेलवर) असेल, म्हणजे खर्चाचे ४० टक्के बांधकामाच्या टप्प्यांवर आणि ६० टक्के साधारण १५ वर्षांत हप्त्यांनी. केंद्राच्या नमामि गंगे योजनेत हरिद्वार आणि वाराणसीला हेच मॉडेल आणलं. इथे वसुलीची जोखीम कंपनीवर नाहीच. तिच्यासाठी सगळ्यात मोठा धोका एकच: महापालिका हप्ता वेळेवर देईल का? तुमची मालमत्ता कर वसुली ढिली असेल तर निविदेतला दर त्या भीतीनेच चढतो. उपाय एस्क्रो खातं, म्हणजे ठरलेल्या क्रमानेच पैसे बाहेर जातील असं बँकेतलं वेगळं खातं, त्यात किमान तीन महिन्यांचा हप्ता आणि देखभाल खर्च राखीव, आणि कराच्या पैशावर पहिला हक्क त्या खात्याचा. आयुक्त बदलले तरी हा क्रम बदलता येऊ नये.

दुसरं, येणारं सांडपाणी. प्रकल्प ५० एमएलडीचा आणि मलवाहिन्यांचं जाळं अर्धवट, म्हणून निम्मंच पाणी पोचतं, हे मी अपवाद मानत नाही. ही जोखीम कंपनीवर टाकणं हा शुद्ध वेडेपणा आहे, जाळं तुमचं आहे. आधी वर्षभर, पावसाळ्यासकट, २४ तासांचे एकत्रित नमुने घ्या. समजा आराखडा बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप, मिलिग्रॅम प्रति लिटर) २५० वर आहे आणि पावसाळ्यात ९० येतो. मग सूक्ष्मजीवांना खाद्य पुरत नाही, एअरेशन टाकी (हवा सोडून घाण कुजवणारी टाकी) नीट चालत नाही, आणि 'चूक कुणाची' सुरू होतं. उलट एखाद्या एमआयडीसीचं रसायन आत आलं तर टाकी बसलीच. म्हणून करारात खालची आणि वरची अशी पट्टी हवी. पट्टीबाहेर पाणी आलं तर कंपनीला दंड नाही, आत असेल तर सबब नाही. प्रवेशावर फ्लोमीटर, त्याची वर्षातून दोनदा तिसऱ्याकडून तपासणी, आणि रोजच्या नोंदीवर दोघांच्या सह्या.

वीज बिल महापालिकेने भरावं, पण निविदेतच कंपनीकडून दर एमएलडीला किती युनिट ते लिहून घ्यावं. वरचा वापर तिच्या खिशातून. दरवाढ तिच्या हातात नाही, पंपाची निवड आहे.

तिसरं, कायद्यातला बदल. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत बाहेर सोडायच्या पाण्याचा बीओडी महानगरांसाठी २० आणि इतरत्र ३० होता. २०१९ मध्ये एनजीटीने, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, १० चा आदेश दिला. मधल्या काळात सही झालेल्या प्रकल्पात जादा टाकी आणि फिल्टरचा खर्च कुणाचा? करारात 'कायद्यातील बदल' या व्याख्येत न्यायाधिकरणाचे आदेश धरलेत का ते बघा. बऱ्याच मसुद्यांत फक्त 'अधिनियम व नियम' एवढंच असतं.

आणि काम सुरू करण्याची तारीख, अपॉइंटेड डेट, घाईने देऊ नका. भूमिपूजनाची तारीख ठरली म्हणून ती दिली जाते आणि जागेचा ताबा मागाहून येतो. सातबारा, मोजणी, अतिक्रमण, झाडांची परवानगी हातात नसताना घड्याळ सुरू केलं की प्रत्येक दिवसाचा दावा तुमच्या नावावर जमा होतो.

सगळ्यात कमी दर बघून खूश होऊ नका. हैदराबाद मेट्रोच्या पहिल्या फेरीत २००८ मध्ये विजेत्याने अनुदान मागण्याऐवजी सरकारलाच ३०,३११ कोटी द्यायची तयारी दाखवली होती. वर्षभरात ते कंत्राट रद्द झालं आणि पुन्हा निविदा काढावी लागली.

हो, दुसरी बाजूही आहे. बांधकामाचा खर्च, शुद्धीकरण यंत्रणेची निवड, माणसं, देखभाल ही जोखीम बिनदिक्कत कंपनीवर टाका, तिथे सूट देऊ नका. आणि शहर लहान असेल, अभियांत्रिकी विभागात दोन-तीनच माणसं असतील, तर पीपीपीच नको. साधं बांधकाम आणि १० वर्षांची देखभाल यांची एकत्र निविदा काढा, कारण करारावर लक्ष ठेवायलाही माणसं लागतात आणि ती इंडिपेंडंट इंजिनीअरकडून (करारावर देखरेखीसाठी नेमलेल्या त्रयस्थ अभियंत्याकडून) भाड्याने मिळत नाहीत.

मसुदा हातात आला की आधी टर्मिनेशनचं परिशिष्ट आणि 'कायद्यातील बदल'ची व्याख्या वाचा. निविदा भरण्याआधीच्या, प्री-बिड बैठकीत कंपन्या याच दोन ठिकाणी बदल मागतील. त्यांनी मागितलेला प्रत्येक बदल आणि महापालिकेने दिलेलं उत्तर यांची प्रत नस्तीत लावून घ्या, पुढे लवादासमोर तोच कागद काढावा लागतो.