रोमन सैनिकाला जमीन कोण देणार?

प्रश्न : रोमच्या इतिहासात सारखं येतं की सैनिकांना जमिनी वाटल्या, जमिनीचा कायदा आणला, मग कोणाचा तरी खून झाला. सरळ पगार वाढवून मोकळं का नाही झाले हे लोक?

उत्तर : पगार होता हो, पण तुटपुंजा, आणि नोकरी संपल्यावर पेन्शन वगैरे काही नाही. खरी मेख वेगळीच आहे. आधी रोममध्ये सैन्यात जायलाच मालमत्ता लागायची, म्हणजे बहुतेकांची शेतीच, थोडक्यात सातबारा असेल तर भरती! पण पुढे स्पेनसारख्या लांबच्या लढायांत माणूस वर्षानुवर्षं अडकायला लागला, इकडे शेत ओस, आणि सरकारी जमिनी तर श्रीमंतांनी कधीच बळकावलेल्या, तिथे राबायला गुलाम. टायबेरियस ग्रॅकस या लोकांनी निवडलेल्या अधिकाऱ्याने इ.स.पू. १३३ मध्ये काय केलं, तर सरकारी जमिनीवर ५०० युगेरा (रोमन मोजमाप), म्हणजे साधारण ३१० एकरची जुनीच मर्यादा पुन्हा लावली आणि वरची जमीन गरिबांना वाटायला काढली. काही फार जहाल नव्हतं हे माझ्या मते, तरी सिनेटवाल्यांनी, म्हणजे बड्या घराण्यांच्या राज्यसभेतल्या लोकांनी, त्याला बाकांचे पाय मोडून त्यानेच मारलं आणि प्रेत टायबर नदीत टाकलं.

मग इ.स.पू. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने मालमत्तेचा नियमच बाजूला ठेवला, ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनाही घेतलं. आता गंमत बघा, आधी जमीन असेल तर सैनिक, आता सैनिक झालास तर जमीन! आणि ती देणार कोण? सिनेट तर कायम हात आखडता घेणार, मग सेनापतीच मिळवून देणार, म्हणजे सैनिकाची निष्ठा कुठे जाणार ते सांगायला नको. सुल्ला या सेनापतीने तर विरोधात गेलेल्या गावांच्या जमिनी काढून आपल्या माणसांना दिल्या, पॉम्पेई त्यातलंच एक. इ.स.पू. ४१ मध्ये ऑक्टेव्हियनने (हाच पुढे ऑगस्टस नावाने पहिला सम्राट झाला) आपल्या सैनिकांसाठी इटलीतल्या १८ शहरांच्या जमिनीवर हात टाकला, तर पेरुसिया या इटलीतल्याच शहरात लढाईच पेटली.

तुमचा पैशाचा उपाय शेवटी त्यानेच केला, ऑगस्टस झाल्यावर. इ.स. ६ मध्ये वेगळा खजिना काढला, निवृत्त सैनिकाला १२,००० सेस्टर्स (रोमन नाणं) रोख, आणि त्यासाठी वारसाहक्कावर ५ टक्के टॅक्स. श्रीमंत कुरकुरतच होते, तेव्हा म्हातारबुवांनी इ.स. १३ मध्ये बरं, मग जमिनीवर आणि घरांवर कर लावतो म्हणून नोंदी करायला माणसंच पाठवली. सगळे एकदम गप्प.