सलूनच्या कात्र्यांना धार लावायचं काम शिकायचं आहे. कात्री उघडून आतली रचना शिकणं गरजेचं आहे का, की चांगलं मशीन घेतलं की भागतं? कोणतं मशीन घ्यावं?

गरजेचं आहे. आणि मशीन घेतलं की भागतं हे ज्यानं तुम्हाला सांगितलं, तो बहुतेक मशीनच विकत असेल.

मी नागपूरच्या इतवारीत मामांच्या दुकानात काम शिकलो. मामांचा नियम एकच: कात्री उघडायची नाही. बाहेरून धार काढा, रिव्हेटवर, म्हणजे दोन पाती जोडणाऱ्या ठोकलेल्या खिळ्यावर, हातोडीचा एक ठोका द्या, पेपर कापून दाखवा, पैसे घ्या. गांधीबागेतले कापडवाले आणि महालातले टेलर यांच्या कात्र्यांवर त्यांची जिंदगी गेली, आणि हात खरंच चांगला होता. पण सलूनवाल्यांच्या जपानी पद्धतीच्या कात्र्या दुकानात यायला लागल्या आणि आमची रोजची वाजायला लागली.

धरमपेठेतल्या एका सलूनमधला पोरगा अशीच एक कात्री घेऊन आला. म्हणे, "भाऊ, आत्ताच धार लावून आणली, पण टोकाला केस कापतच नाही, दुमडून राहिली." धार दुसरीकडून लावून आणलेली. मी नखावर टेकवून पाहिली तर धार होती, चांगली होती! मामा म्हणाले, "अजून एक हात मार अन् दे. काहून बघत बसला?" पेपर कापून दाखवला त्यांनी. कापला. पेपर तर कापणारच ना, पेपर भोथरी कात्रीसुद्धा कापते.

मी पेच काढला. मामांनी तोंड फिरवलं.

पेचाखाली केस आणि तेलाचा काळा चिखल होता, तो बहुतेक कात्र्यांत असतोच. खरी गोष्ट पात्याच्या आतल्या अंगाला होती. चांगल्या कात्रीचं पातं आतून किंचित खोलगट असतं आणि धारेला लागून मुळापासून टोकापर्यंत एक बारीक चमकती पट्टी जाते. दोन्ही पाती कापताना एकमेकांना भेटतात ती याच पट्टीवर. मी आतल्या अंगाला मार्कर फासला आणि पातं सपाट दगडावर ठेवून एकदा अलगद ओढलं. मुळाशी शाई निघाली, टोकाकडे मात्र अगदी धारेवर तशीच राहिली. म्हणजे धार काढल्यावर कडेला जी बारीक तार उलटते, ती काढताना आधीच्या कारागिरानं पातं आतून तिरपं धरलं होतं. दोन्ही पाती स्वतःपुरती धारदार, पण टोकाला एकमेकांना भेटतच नव्हती. मग केस मधे दुमडणार नाही तर काय होणार?

त्यावर बाहेरून कितीही धार मारली असती तरी फक्त पातं झिजलं असतं. मी आतलं अंग बारीक दगडावर, पाण्यात, हलक्या हातानं ती पट्टी सलग होईपर्यंत चालवलं. मग बाहेरची कड. शेवटी ओला टिश्यू पेपर टोकापर्यंत कापून पाहिला. ओला टिश्यू खोटं बोलत नाही, न्यूजपेपर बोलतो. मामा म्हणाले, "एवढ्या वेळात मी दहा कात्र्या काढल्या असत्या." काढल्या असत्या. आणि तो पोरगा संध्याकाळी भांडायला परत आला असता, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही घरच्या लग्नकार्यात विषय निघाला की म्हणतो.

तर तुम्ही काय शिकायचं? बंद कात्री उजेडासमोर धरा. पाती मधे फट ठेवून फक्त टोकाला आणि पेचाजवळ टेकलेली दिसतील. ती कमान मुद्दाम दिलेली असते. पेचाच्या मागे, मुठीच्या बाजूला, पाती एकमेकांवर घासतात ती सपाट जागा बघा. तिला ग्राइंडर कधीही लावू नका. ताण पाहायचा तर एक कडी धरून दुसरं पातं काटकोनात उचला आणि सोडा. टपकन मिटलं तर सैल, हललंच नाही तर जास्त घट्ट, थोडं खाली येऊन मधेच थांबलं तर ठीक. मुठीतलं रबर झिजलं असेल तर बदला, नाहीतर टोकं एकमेकांवर चढतात. उघडताना प्रत्येक वायसरचा फोटो काढा, वरचं कोणतं आणि खालचं कोणतं हे नंतर आठवत नाही.

मामांच्या बाजूनं एवढं सांगतो की रिव्हेटवाली टेलरची कात्री उगाच उघडू नका, नवं रिव्हेट बसवून ताण जमवणं वेगळंच काम आहे. मेरठच्या ज्या कात्र्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जातीच्या कात्र्यांवर मामांची हातोडी चालते. पण तीच हातोडी सलूनच्या टणक स्टीलवर मारली तर पातं तडकू शकतं, हे त्यांना पटत नाही.

मशीन कोणतंही घ्या, ते हळू फिरणारं आणि धार लावताना पाण्यानं थंड राहणारं असलं म्हणजे झालं. कोरड्या ग्राइंडरवर कड निळी पडली की स्टीलचं पाणी उतरलं, म्हणजे टणकपणा गेला समजा. सुरुवात भंगारातल्या कात्र्यांवर करा, गिऱ्हाइकाच्या नको. आणि केस विरळ करायची दातेरी कात्री आली तर शक्यतो साध्या पात्यालाच धार लावा, दातांना हात लावू नका.