फोर व्हीलचा लिव्हर आहे, शाफ्ट नाही

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यातला. ऊसशेती आहे आणि घराच्या दोन खोल्यांत होमस्टे चालवतो. फेब्रुवारीत कोल्हापुरातल्या एका एजंटामार्फत २०१७ ची थार सीआरडीई फोर बाय फोर घेतली. किंमत ६ लाख ४० हजार. त्यातले ६ लाख मालकाच्या खात्यावर आरटीजीएस केले, ४० हजार रोख दिले. एजंटाला १० हजार कमिशन वेगळं. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा आहे. एजंटानं व्हॉट्सॲपवर एनओसीचा फोटो टाकला आणि ‘महिन्यात नावावर करून देतो’ म्हणाला. सहा महिने झाले, गाडी अजून जुन्या मालकाच्याच नावावर. जुलैत शेताच्या चढाला गाडी रुतली. फोर व्हीलचा लिव्हर टाकला, पण पुढची चाकं फिरेनात. गारगोटीच्या मेस्त्रीनं खाली जाऊन बघितलं, तर पुढचा प्रॉपेलर शाफ्टच (पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा दांडा) काढून टाकलेला. मालक म्हणतो, ‘पाचशेच्या स्टॅम्पवर आहे त्या स्थितीत असं लिहिलंय, आता माझा संबंध नाही.’ आता फायनान्सवाल्यांचे फोन मला यायला लागलेत. गाडी परत करू, की दुरुस्त करून घेऊ? आणि भावाला बेळगावकडची जिप्सी मिळतेय, ती घ्यावी का?

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात शाफ्टवर दीड पान आहे आणि बोजावर तीन ओळी. मी उलट्या क्रमानं उत्तर देतो. शाफ्ट बाजारात मिळतो, बसवता येतो. बोजा उतरला नाही तर उद्या गाडीच दारातून जाईल, आणि मग शाफ्टचं काय करायचं?

गाडी तुमच्या अंगणात आहे, चावी तुमच्या खिशात आहे, पैसे दिलेत. तरी आरटीओच्या दप्तरी मालक जुनाच आहे आणि कर्ज फिटेपर्यंत कंपनीचा हक्क गाडीवर कायम आहे. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ गाडी तुमच्या नावावर करणार नाही. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम १४ मध्ये अशी हमी गृहीत धरलेली आहे की विकलेल्या मालावर खरेदीदाराला माहीत नसलेला तिसऱ्याचा बोजा नाही. पण ‘माहीत नसलेला’ हा शब्द तुमच्या विरुद्ध जातो. बोजा आरसीवर छापलेला होता आणि तुम्ही तो वाचला होता. म्हणून या कलमावर मी फार भिस्त ठेवणार नाही. तुमची खरी बाजू एनओसीच्या त्या फोटोत आहे : बोजा उतरलाय असं सांगून पैसे घेतले.

तेव्हा सगळ्यात आधी तो फोटो छापून घेऊन कंपनीच्या शाखेत जा आणि ‘ही एनओसी तुम्ही दिली होती का’ हे लेखी विचारा. पोचपावती घ्या. एनओसी दिलीच नव्हती असं उत्तर आलं, तर प्रकरण दिवाणी राहत नाही. बनावट दस्त आणि फसवणूक, दोन्ही भारतीय न्याय संहितेखाली येतात (फसवणुकीला कलम ३१८). त्या लेखी उत्तरासह पोलीस ठाण्यात गेलात तर तुमचं ऐकून घेतील. नुसतं ‘मला फसवलं’ म्हणून गेलात तर ‘दिवाणी बाब आहे, कोर्टात जा’ हे वाक्य ऐकून परत याल. एवढ्या वर्षांत मी ते वाक्य किती अशिलांच्या तोंडून ऐकलंय, मोजलेलं नाही.

त्याच फेरीत कर्ज आज बंद करायचं तर किती भरावे लागतील, तो आकडाही लेखी मिळवा. कंपनी परक्या माणसाला आकडा देणार नाही, म्हणून मालकाला सोबत न्यावं लागेल किंवा त्याचं अधिकारपत्र. तो येईल का? येईल, कारण त्याचीही मान अडकलेली आहे. सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सांगितलंय की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तोच भरपाईला जबाबदार. गाडी आधीच विकली होती, ही सबब चालत नाही. तुमच्या हातून उद्या अपघात झाला तर नोटीस त्याच्या दारात जाणार. हे त्याला शांतपणे समजावून सांगा. ‘माझा संबंध नाही’ ही भाषा तिथंच थांबते, असा माझा अनुभव आहे.

पैसे भरायची वेळ आली तर थेट कर्जखात्यावर भरा. मालकाच्या हातात नको आणि एजंटाच्या तर मुळीच नको. मालक हात वर करत असेल आणि बाकी लाख-सव्वा लाखाच्या आत असेल, तर तुम्हीच भरून टाका आणि पावती जपा. दुसऱ्यानं भरायची रक्कम आपला हितसंबंध वाचवायला आपण भरली, तर ती त्याच्याकडून वसूल करता येते. करार कायदा, १८७२ चं कलम ६९ याचसाठी आहे आणि वकीलमंडळीही ते विसरतात. बाकी तीन-चार लाख निघाली, तर मात्र एक पैसाही न भरता माझ्याकडं या. मग गाडी परत करून पैसे मागायची दिशा धरावी लागेल.

वसुलीवाले दारात आले तर चावी देऊ नका, हातघाईवरही येऊ नका. कंपनीचं पत्र आणि ओळखपत्र मागा, फोटो काढा, दांडगाई केली तर ११२ लावा. कर्जवसुलीला गुंड वापरायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्येच सांगितलंय.

कर्ज फिटलं की कंपनीकडून एनओसी आणि बोजा उतरवायचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या. गाडी नावावर करायला मालकाच्या सहीचा फॉर्म २९, तुम्हा दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३०. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. दोन्ही मुदती केव्हाच टळल्यात, थोडा दंड बसेल, भरून टाका.

विमाही मालकाच्याच नावावर असणार. गाडी विकली की समोरच्याला झालेल्या नुकसानीचं संरक्षण कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर आपोआप येतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही. त्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावं लागतं. म्हणजे आज करूळ घाटात गाडी कठड्याला घासली तर पत्र्याचा खर्च तुमचा. तोवर गाडी शेतापुरतीच ठेवा.

आता शाफ्ट. लोकांना वाटतं ‘आहे त्या स्थितीत’ लिहिलं की विकणारा सुटला. तसं नाही. खासगी माणसानं जुनी गाडी विकताना तिच्या दर्जाची हमी कायदा गृहीत धरत नाही, हे खरं. क्लच घसरतो, इंजिन तेल पितं, अशा तक्रारी त्या वाक्याखाली बुडतात. पण मालविक्री कायद्याचं कलम १५ वेगळं आहे. वर्णनावरून माल विकला तर माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ‘फोर बाय फोर’ हे वर्णन आहे. तुमच्या आरसीवर मॉडेलच्या रकान्यात तेच छापलंय, एजंटाच्या मेसेजमध्ये ‘फोर व्हील एकदम ओके’ असं आहे, आणि खाली शाफ्टच नसेल तर ती मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडी झाली. शाफ्ट मुद्दाम काढून ते लपवलं असेल, तर करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे तो कपट आहे, आणि स्टॅम्पवरच्या कोणत्याही वाक्यानं कपट धुऊन निघत नाही.

समोरचा वकील काय म्हणेल, तेही ऐका. ‘खाली वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं.’ नुसतं गप्प राहून फसवल्याचा दावा असेल तर कलम १९ खाली हा बचाव चालू शकतो. म्हणून आपला भर गप्प राहण्यावर नको, त्या मेसेजवर हवा. ते खोटं बोलून, लिहून झालंय. चॅट पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते मी बघतो.

दुसरी अडचण सहा महिन्यांची. इतके दिवस गाडी वापरली की कायदा धरून चालतो की तुम्ही माल स्वीकारला. मग गाडी परत करण्यापेक्षा नुकसानभरपाई मागणं सोपं जातं. कर्जाची बाकी फार निघाली नाही, तर माझा सल्ला गाडी ठेवा आणि दुरुस्तीचा खर्च वसूल करा, असाच आहे. पण आज दुरुस्त करू नका. शाफ्ट बसवला की तुमचा पुरावा गेला. आधी गाडी रॅम्पवर चढवून फोटो काढा. एका फोटोत खालची रिकामी जागा आणि चेसिस नंबर दोन्ही यायला हवेत. मग लेटरहेडवर रिपोर्ट घ्या, एक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या, ट्रान्सफर केसच्या (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) जाणकार मेस्त्रीचा, एक गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा.

रिपोर्टमध्ये ‘फोर व्हील चालत नाही’ एवढं लिहून भागणार नाही. शाफ्ट का काढला असेल, हे हवं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. या गाडीला पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध तो फरक सोसणारा डिफरन्शियल नाही, म्हणून चिखलात चाक थोडं घसरून मोकळं होतं, कोरड्या डांबरावर मात्र सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकून गाडी पळवली, किंवा पुढं एका मापाचे आणि मागं दुसऱ्या मापाचे टायर घातले, की आतून आवाज सुरू होतो. तो आवाज बंद करायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे पुढचा शाफ्ट उतरवणं. तुमच्या फोटोत पुढचे टायर मागच्यांपेक्षा बारीक दिसतात, ते मेस्त्रीला मोजून लिहायला सांगा. ट्रान्सफर केस आतून खराब निघाला तर दावा काही हजारांचा राहत नाही. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवरच्या दोन्ही डिफरन्शियलचं तेलही काढून बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय, आणि हेही रिपोर्टात यायला हवं.

मालक खासगी माणूस, त्याच्यावर ग्राहक आयोगात जाता येत नाही. त्याच्यासाठी नोटीस, मग दिवाणी दावा. एजंटाचं तसं नाही. त्यानं तुमच्याकडून १० हजार घेऊन सेवा दिली, ती खोटी निघाली. जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते आहे का, हे नोटिशीतच विचारू. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये. मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय म्हणून पहिल्या दिवशीच हायकोर्टाची भाषा बोलणारे अशील हल्ली वाढलेत. तुम्ही त्यांत नाही, हे बरं आहे.

इथं तुमचा होमस्टे आडवा येऊ शकतो. एजंट म्हणेल, गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. स्वतःच्या रोजगारासाठी स्वतः वापरली तर कायदा सूट देतो, आणि तुमची मुख्य कमाई शेतीची आहे, त्यामुळे हे निभेल. पण पाहुण्यांना पैसे घेऊन पाटगावच्या रानात फिरवत असाल तर ते आजच बंद करा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेतलं की परवान्याचा भंग होतो आणि विमा कंपनीला हात झटकायला कारण मिळतं. पुढचा बुलबारही (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) काढून टाका, त्याला २०१७ पासून बंदी आहे. आरसीशी न जुळणारा प्रत्येक बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली ५ हजारांच्या दंडाला पात्र ठरू शकतो, आणि दंड बसेल तो मालक म्हणून ज्याचं नाव असेल त्याला, म्हणजे गाडी नावावर झाली की तुम्हाला.

भावाची जिप्सी. तिच्याकडं मन ओढतं, मान्य आहे. माझ्याकडं आठ वर्षं एक होती. आरसीची १५ वर्षं कधी संपतात ते आधी बघा. त्यानंतर गाडी आरटीओला दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. कर्नाटक पासिंगची गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. इसार देऊन थांबा. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागेल, तो किंमत ठरवतानाच धरा. मारुतीनं जिप्सी पेट्रोलमध्येच विकली. कुणी ‘डिझेल जिप्सी’ दाखवली तर इंजिन बदललेलं आहे, आणि आरसीवर त्याची नोंद नसेल तर तिथूनच परत फिरा. आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून अजून फिरतात. आतल्या टोकाला गाळाची पिवळी रेघ बहुतेक तशीच राहते, कारण पट्टा तितका ओढून कुणी धूत नाही.

तुमच्या नोटिशीचा मसुदा मी दोन दिवसांत करतो. त्याआधी मला कंपनीचा लेखी आकडा, एनओसीबद्दलचं उत्तर आणि मेस्त्रीचे दोन रिपोर्ट हवेत. तोवर गारगोटीच्या मेस्त्रीला गाडीखाली पाना लावू देऊ नका.