पहिली केस हातात घेताना

सप्रेम नमस्कार,

अमेरिकेतल्या न्यायालयात, दुर्लक्ष किंवा अत्याचारामुळे घरातून काढलेल्या मुलांच्या हिताचं बोलायला नेमल्या जाणाऱ्या स्वयंसेवकांपैकी (CASA) तू आता एक. प्रशिक्षणाचे तीस तास संपले, पार्श्वभूमीची तपासणी झाली, न्यायाधीशांसमोर शपथही झाली. आता नेमणुकीचा आदेश येईल आणि त्यामागून फाइल. ती एका बैठकीत वाचून काढ, पण वाचताना शेजारी कोरा कागद ठेव आणि त्यावर फक्त तारखा उतरव: मुलाला घरातून काढलं ती तारीख, पहिली सुनावणी, दुर्लक्ष किंवा अत्याचार झाल्याचा न्यायालयाचा निष्कर्ष, आणि मूल किती वेळा एका घरातून दुसऱ्या घरात गेलं.

तारखांवर एवढा भर का, तर १९९७ च्या संघीय कायद्यामुळे. मागच्या २२ महिन्यांपैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली दुसऱ्या घरी, असेल, तर आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज राज्याला सहसा करावाच लागतो. अपवाद आहेत: मूल नातेवाइकांकडे असेल, तसं न करण्याचं सबळ कारण कागदावर नोंदलेलं असेल, किंवा राज्याने ठरलेल्या सेवाच वेळेत दिल्या नसतील. मोजणी सुरू होते ती न्यायालयाच्या त्या निष्कर्षापासून किंवा मूल काढल्यानंतर ६० दिवसांनी, यातलं जे आधी येईल तेव्हापासून. आता विचार कर, आईला व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी तीन महिने रांगेत थांबावं लागलं, तर ते तीन महिने त्या पंधरातच मोजले जातात. म्हणून ‘आई उपचाराला गेली नाही’ एवढं लिहिणं अपुरं आहे. नाव कधी दिलं गेलं, जागा कधी मिळाली, तिथवर जायला बस होती का, हे विचारणारं त्या खोलीत बहुधा तुझ्याशिवाय कोणी नसेल. केसवर्कर म्हणजे बालकल्याण विभागाचा कर्मचारी; त्याच्या डोक्यावर कितीतरी मुलं असतात आणि कित्येकदा वर्षभरात केसवर्करच बदलतो. तुझ्याकडे एक केस असेल, फार तर दोन. हाच फरक हेरून सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सुकप यांनी १९७७ मध्ये स्वयंसेवकांची कल्पना मांडली. मुलाबद्दल पुरेसं ठाऊक नसताना त्याच्या आयुष्याचा निकाल देणं त्यांना जड जात होतं.

मुलाला महिन्यातून किमान एकदा प्रत्यक्ष भेट, आणि ते राहतं तिथेच भेट. फोनवर ‘सगळं छान’ ऐकून ती भेट झाली असं धरू नकोस. कुठे झोपतं, बूट मापाचे आहेत का, औषध कोण देतं आणि कधी, हे डोळ्यांनी पाहा. थोडा वेळ तरी फॉस्टर पालकांच्या कानाआड बोल. ‘घरी काय झालं होतं?’ हा प्रश्न मात्र तुझा नाही. ती मुलाखत त्यासाठी शिकलेली माणसं घेतात. चार जणांनी चार तऱ्हेने विचारलं की मुलाचं सांगणं बदलत जातं आणि पुढे न्यायालयात तेच त्याच्यावर उलटतं. मुलाने आपणहून काही सांगितलं तर ऐकून घे. ‘मग काय झालं?’ याच्यापुढे जाऊ नकोस. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नकोस. त्याच दिवशी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव, पर्यवेक्षकाला कळव आणि राज्याच्या नियमाप्रमाणे तक्रार नोंदव.

एक सावधगिरी. आपण ज्या मुलाला सहज ‘गुणी’ म्हणतो, म्हणजे हट्ट नाही, रडणं नाही, धाकट्याला स्वतः भरवतं, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघ. सहा वर्षांच्या पोरीला भावाचा डायपर कधी बदलायचा हे बिनचूक माहीत असेल, तर ते तिला का शिकावं लागलं असेल?

अहवाल हे तुझं खरं काम. तो सुनावणीच्या काही दिवस आधी दाखल होतो आणि आईच्या वकिलापासून राज्याच्या वकिलापर्यंत सगळे वाचतात. ‘घर अस्वच्छ होतं’ हे वाक्य कुठलाही वकील दोन मिनिटांत फाडेल. त्याऐवजी लिही: ‘१४ तारखेला दुपारी चार वाजता सिंकमध्ये भांडी साठलेली होती. फ्रिजमध्ये दूध, अंडी आणि शिजवलेलं अन्न होतं. मुलाच्या हाताला लागतील अशी औषधं किंवा सुया दिसल्या नाहीत.’ आता न्यायाधीशांना कळतं की घरात पसारा आहे, धोका नाही. पहिल्या वर्षी सर्वात जास्त चुका इथेच होतात. गरिबी दिसते आणि दुर्लक्ष लिहिलं जातं. तीन मुलं एका खोलीत झोपतात, आई दोन नोकऱ्या करते, कपडे जुने आहेत, यातलं काहीही मुलाला घरापासून तोडण्याचं कारण नाही. ‘माझ्या मुलाला इथे ठेवलं असतं का?’ हा प्रश्न मनात आला की ओळख, मोजपट्टी चुकली. प्रश्न एवढाच: हे मूल इथे सुरक्षित आहे का, आणि नसेल तर नेमकं कशामुळे?

शिफारशीही तशाच नेमक्या हव्यात. ‘मुलाला समुपदेशन मिळावं’ यावर सगळे मान डोलावतात आणि सहा महिन्यांनी काहीच झालेलं नसतं. कोणी, काय, किती दिवसांत, हे लिही: ‘विभागाने ३० दिवसांत थेरपिस्टची पहिली भेट घडवून आणावी आणि तारीख न्यायालयाला कळवावी.’

मुलाची इच्छा अहवालात स्वतंत्र लिहायची, त्याच्याच शब्दांत, तुला पटत नसली तरी. तू त्याच्या हिताचं बोलणार, आणि हित व इच्छा दर वेळी जुळत नाहीत. त्याला घरी जायचंय आणि तुझी शिफारस वेगळी आहे, तर हे त्याला सुनावणीच्या आधी तुझ्या तोंडून कळू दे.

शाळेत जाऊन ये. २०१५ च्या कायद्यानुसार फॉस्टर केअरमधल्या मुलाची शाळा, बदल त्याच्या हिताचा नसेल तर, तीच राहायला हवी. पण घर बदललं की शाळा आपोआप बदलून टाकली जाते. विशेष शिक्षणाची चाचणी अडली असेल तर संमतीची सही कोणाची हे विचार. पुष्कळदा ते ठरलेलंच नसतं. भावंडं वेगळी ठेवली असतील तर कारण आणि पुढच्या भेटीची तारीख विचार. आजी, मावशी, काका यांना कोणी कळवलं का? मूल काढल्यापासून ३० दिवसांत नातेवाइकांना कळवणं २००८ च्या कायद्याने बंधनकारक आहे, तरी बापाकडचे लोक हमखास सुटतात. कुटुंबाचा मूळनिवासी जमातीशी संबंध आहे का, हेही पहिल्याच महिन्यात विचार. असेल तर १९७८ चा वेगळा कायदा लागतो, जमातीला म्हणणं मांडता येतं, आणि हे उशिरा उघड झालं तर झालेली कार्यवाही पुन्हा उघडू शकते.

मर्यादांबद्दल थोडक्यात, कारण प्रशिक्षणात ऐकलंच असेल. मुलाला स्वतःच्या घरी नेऊ नकोस, पालकांना पैसे देऊ नकोस, गाडीत बसवण्याआधी तुझ्या कार्यक्रमाचा नियम पाहा. न्यायाधीश बाजारात भेटले तरी केसबद्दल अवाक्षर नाही. मुलाचा फोटो कुठेही टाकायचा नाही, चेहरा झाकूनसुद्धा.

मधेच सोडावं लागलं तर निरोप घेऊन सोड. या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता नाहीशी होतात, त्यात भर नको.

आदेश हातात आला की त्याच्या पाच-सहा प्रती काढ. शाळा आणि दवाखाना तो पाहिल्याशिवाय काही दाखवत नाहीत. आणि पहिला फोन केसवर्करला कर. मूल आज रात्री कोणत्या पत्त्यावर झोपणार आहे ते विचार, फाइलमधल्या पत्त्याशी ताडून बघ.

सस्नेह