मुत्सद्दी : मूळचा कारकूनच

प्रश्न असा आला आहे : "व्हिएन्ना परिषदेवरच्या (१८१४-१५) एका लेखाचं भाषांतर करते आहे. त्यात ऑस्ट्रियाचा मेटर्निक, फ्रान्सचा तालेराँ, इंग्लंडचा कॅसलरे या तिघा परराष्ट्रमंत्र्यांना मी 'मुत्सद्दी' म्हटलं. त्याच ओघात नेपोलियनलाही म्हटलं, तर मजकूर वाचून देणाऱ्या आमच्या काकांनी तिथे फुली मारली आणि 'शोभत नाही' एवढंच सांगितलं. का शोभत नाही? शिवाय माझी जोधपूरची मैत्रीण म्हणते की त्यांच्याकडे मुत्सद्दी म्हणजे दरबाराचे कागद आणि हिशेब सांभाळणारी मंडळी. हा शब्द तोच का? आणि 'मुत्सद्यांनी' लिहायचं की 'मुत्सद्द्यांनी'?"

काकांची फुली बरोबर आहे, आणि तिचं कारण मैत्रिणीच्या सांगण्यातच आहे.

शब्द तोच. मूळ अरबी 'मुतसद्दी'. एखाद्या कामाला सामोरा जाणारा, ते अंगावर घेणारा, असा त्याचा अर्थ. फारसीने तो कचेरीत आणून बसवला आणि तिथे तो कारकून, हिशेबनीस, एखाद्या खात्याचा अंमलदार असा झाला. मराठीच्या जिभेने मधला 'त' लंगडा केला आणि 'मुत्सद्दी' घडला. बोलण्यात तो आणखी झिजून 'मुसद्दी' होतो, आणि मग लोकांना वाटतं की याचा 'मसुद्या'शी काही संबंध असावा. मसुदे करणारा तो मुसद्दी! कल्पना झकास आहे, पण चूक. मसुद्याच्या मुळाशी अरबीतला काळा रंग आहे. कागद काळा करणं म्हणजे कच्चा खर्डा करणं. दोन्ही शब्द एकाच कचेरीत वावरले, पण त्यांचं गोत्र वेगळं.

मोगलांच्या अमदानीत या शब्दाचा पल्ला मोठा होता. एका टोकाला खर्डेघाशी करणारा साधा लेखनिक आणि दुसऱ्या टोकाला सुरत बंदराचा मुख्य अधिकारी, कारण सुरतेच्या त्या अधिकाऱ्याचं पदनामच मुत्सद्दी होतं. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजीमहाराज सुरतेवर चालून आले तेव्हा शहर वाऱ्यावर सोडून किल्ल्यात दडून बसलेला इनायतखान तो हाच. त्याने बोलणी करायला म्हणून एक तरुण पाठवला आणि त्या तरुणाने भर भेटीत महाराजांवर कट्यार उगारली. म्हणजे पदाने मुत्सद्दी असलेला माणूस मुत्सद्देगिरीत किती कच्चा असू शकतो, याचं उदाहरण सुरतेनेच देऊन ठेवलं आहे.

पुढे हा शब्द ज्या ज्या मुलखात गेला तिथल्या हवेप्रमाणे त्याचं झालं. मारवाडात तो राजाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांचा वर्ग झाला, तुमची मैत्रीण सांगते तेच. बंगालीत तो 'मुत्सुद्दी' झाला. कंपनीच्या काळातल्या कलकत्त्यात इंग्रज पेढ्यांसाठी देशी बाजारात उलाढाल करणारा दलाल तो मुत्सुद्दी. तिथल्या डाव्यांनी नंतर परक्या भांडवलाची दलाली करणाऱ्यांना 'मुत्सुद्दी बुर्झ्वा' अशी शिवी घडवली. चितगावच्या बौद्ध बरुआ समाजात तर ते आडनाव आहे. राजकारण जाणणारा, राज्याचे डाव खेळणारा हा वरचा अर्थ आपल्याकडे आणि गुजरातीत रुजला.

कारकुनाला ही बढती मराठीत का मिळाली? माझं मत सरळ आहे : अठराव्या शतकातलं मराठी राज्य खरोखरच कारकुनांनी चालवलं. तलवार सरदारांची, पण तह, बोलण्या, खजिना, फौजेचा खर्च, कोणाला कधी काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे सगळं लेखणीवाल्यांकडे. आपली आडनावंच बघा ना. चिटणीस, पारसनीस, पोतनीस, सबनीस, वाकनीस. यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. आणि यांतला सर्वांत गाजलेला तो फडणीस. 'फड सांभाळतो तो फडणीस' ही फोड ऐकायला गोड असली तरी अभ्यासक ती मानत नाहीत. मूळ 'फर्द-नवीस'. फर्द म्हणजे कागदाचा ताव, याद्यांचा आणि हिशेबाचा. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणवीस, हुद्द्याने तावावर हिशेब लिहिणाराच होता. पेशवाईची सूत्रं त्याच्या हाती पंचवीसेक वर्षं राहिली, मधले पडते दिवस धरूनसुद्धा.

गंमत पुढेच आहे. ज्या शब्दासाठी आपण 'मुत्सद्दी' वापरतो, त्या इंग्रजी-फ्रेंच 'डिप्लोमॅट'च्या पोटातही कागदच आहे. ग्रीक 'डिप्लोमा' म्हणजे दुहेरी दुमडलेला कागद, सनद. सनदा आणि तहनामे यांच्याशी संबंधित ते 'डिप्लोमॅटिक', आणि त्यावरून त्या कामातला माणूस. हा शब्दसंसार युरोपात आजच्या अर्थाने रुळला तो फ्रेंच राज्यक्रांतीच्या आगेमागे, १७९० च्या दशकात, म्हणजे नाना पुण्यात होता तेव्हाच. दोन टोकांना, एकमेकांना न विचारता, राज्याचे डाव खेळणाऱ्या माणसाला दोन्हीकडच्या भाषांनी कागदावरूनच नाव दिलं.

त्या काळचा परदरबारी जाणारा माणूस मात्र 'मुत्सद्दी' नव्हे, 'वकील'. निजामाकडे पेशव्यांचा वकील, पेशव्यांकडे टिपूचा वकील. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये पेशव्यांसाठी बादशहाकडून मिळवलेलं 'वकील-इ-मुतलक', म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पदही त्यातलंच. इंग्रजी न्यायालयं आली आणि वकिलाने काळा डगला चढवला. परराष्ट्राच्या बैठकीतली त्याची जागा मोकळी झाली आणि मला वाटतं, तीही मुत्सद्द्याने बळकावली. म्हणून आज वर्तमानपत्रात 'दोन मुत्सद्द्यांची हकालपट्टी' असं छापून येतं तेव्हा ती दूतावासातली माणसं असतात, त्यांच्या अंगी मुत्सद्दीपणा असो वा नसो.

आता मुत्सद्द्याचं खरं माप. 'साडेतीन शहाणे' आपण लहानपणापासून ऐकतो : पेशव्यांचे सखारामबापू बोकील, नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचा विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना अर्धा. अर्धा का, तर त्याला तलवार चालवता येत नव्हती म्हणून, असं सांगतात. विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनच्या लढाईत मारला गेला, हा त्या पूर्णत्वाचा तोटा. नाना पानिपतावरून जीव घेऊन परतला आणि १८०० साली पुण्यात वारला. मुत्सद्दी या शब्दाच्या आजच्या अर्थात पूर्ण शहाणे बसत नाहीत, तो अर्धाच चपखल बसतो. ज्याचं हत्यार म्हणजे दुसऱ्याची घाई, तो मुत्सद्दी.

पहिलं इंग्रज-मराठा युद्ध मिटवणारा सालबाईचा तह घ्या. १७ मे १७८२ ला ग्वाल्हेरजवळ महादजी आणि कंपनीचा डेव्हिड अँडरसन यांच्यात तो ठरला. कंपनीचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याला घाई होती, कारण दक्षिणेत हैदर अली गळ्याशी आला होता. नानाला घाई नव्हती. हैदर लढतो आहे तोवर इंग्रज आणखी वाकतील, या हिशेबाने त्याने मंजुरीचा कागद दाबून ठेवला. डिसेंबरात हैदर वारला, तसा हा हिशेबही संपला, आणि फेब्रुवारी १७८३ मध्ये नानाने निमूट मान्यता दिली. डाव फसला म्हणा हवं तर, पण याला म्हणतात मुत्सद्देगिरी. सही न करणं हीसुद्धा चाल असते.

त्याआधी १७७७ मध्ये सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच पुण्यात आला. अधिकारपत्रांच्या बाबतीत जरा गडबडच होती, पण नानाने त्याचा असा आदरसत्कार केला की मुंबई आणि कलकत्त्याच्या इंग्रजांची झोप उडाली. नाना काय, त्याच्या भरवशावर राहणारा नव्हता. इंग्रजांना दिसावा म्हणून तो माणूस हवा होता. नेमक्या त्याच दिवसांत बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसात बसून त्याच फ्रेंच दरबाराला अमेरिकेच्या बाजूने ओढत होता, आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये त्याने तसा तह पदरात पाडून घेतला. फ्रँकलिन धंद्याने छापखानेवाला. पुन्हा कागदच! त्याला बेलाशक मुत्सद्दी म्हणा.

जॉर्ज वॉशिंग्टनला म्हणू नका. दोन मुदती झाल्यावर १७९७ मध्ये तो अध्यक्षपद सोडून घरी गेला. आपल्या शब्दात ही निरिच्छता मावत नाही. इंग्रजी 'स्टेट्समन'मध्ये देशहिताचा, चारित्र्याचा एक वास असतो. 'मुत्सद्दी'ला तो नाही, आणि तो कुणी जबरदस्तीने फवारू नये. तिथे 'राष्ट्रधुरीण' वापरा, किंवा सरळ 'नेता'. 'राजकारणी' टाळा. एके काळी तो भारदस्त शब्द होता. दासबोधात हरिकथेच्या खालोखाल राजकारण येतं आणि त्यानंतर सावधपण. आज 'राजकारणी' म्हटलं की ऐकणारा खिसा चाचपतो. मग लोक त्याला 'मुरब्बी' हे विशेषण लावून सावरून घेतात. मुरब्बी म्हणजे मूळ अरबीत वाढवणारा, सांभाळणारा, आणि त्याच धातूतून 'मुरब्बा' आला, म्हणजे आपला मुरांबा. मुरब्बी राजकारणी पाकात मुरलेला वाटतो तो उगीच नाही.

शब्दांचं नशीब किती चंचल असतं याचा याच काळातला दुसरा नमुना 'बारभाई'. १७७४ मध्ये रघुनाथरावाला बाजूला सारून नारायणरावाच्या पोराच्या नावाने राज्य सावरणाऱ्यांची ती जूट. त्यांनी जे केलं त्याला इतिहासाची पुस्तकं आजही 'बारभाईंचं कारस्थान' म्हणतात, आणि तिथे 'कारस्थान'ला दोषाचा वास फारसा नाही. योजून केलेला मोठा राजकीय उद्योग, एवढंच. आज शेजारीण कारस्थान करते. आणि 'बारभाईंचा कारभार' म्हणजे कुणाचा पायपोस कुणात नसलेला गोंधळ! ज्या मंडळींनी इंग्रजांशी सात वर्षं झुंज निभावली त्यांच्या वाट्याला ही म्हण यावी, हा मला तरी अन्याय वाटतो.

तर नेपोलियन. जून १८१३ मध्ये ड्रेस्डेनला मेटर्निक त्याला भेटला. ती भेट कित्येक तास चालली. नेपोलियनने रागाने टोपी फेकली आणि मेटर्निकने ती उचलली नाही, असं मेटर्निकच आठवणींत सांगतो, तेव्हा थोडं मीठ कमी करून घ्यावं. पण त्या भेटीत नेपोलियन जे बोलला म्हणतात ते महत्त्वाचं आहे : सिंहासनावर जन्मलेले राजे वीस वेळा हरून राजधानीत परत येऊ शकतात, मला ते जमणार नाही. म्हणजे थांबणं, दबणं, कागद दाबून ठेवणं हे त्याला परवडणारं नव्हतं. मेटर्निकला ते परवडत होतं. १८१० मध्ये याच मेटर्निकने आपल्या सम्राटाची मुलगी नेपोलियनला देऊन वेळ विकत घेतला होता. जो टोपी फेकतो तो सेनानी, बादशहा, काय वाटेल ते. जो ती पडलेली राहू देतो तो मुत्सद्दी.

तालेराँ तर या शब्दाचा अर्कच. क्रांतीपूर्वी बिशप. १७८९ मध्ये चर्चची मालमत्ता राष्ट्राने ताब्यात घ्यावी हा प्रस्ताव मांडणारा बिशपही हाच. मग क्रांतीचं सरकार, नेपोलियन, परत आलेले बुरबाँ राजे, १८३० नंतरचा लुई फिलिप, सगळ्यांची चाकरी. व्हिएन्नात तो हरलेल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून आला आणि ३ जानेवारी १८१५ ला इंग्लंड-ऑस्ट्रियाशी गुप्त करार करून जिंकलेल्यांच्या पंगतीत जाऊन बसला. 'मुत्सद्दी' म्हणताना मराठी माणसाच्या आवाजात कौतुक आणि संशय निम्मेनिम्मे असतात. तालेराँला दोन्ही पुरून उरतात.

एक सवलत मात्र ठेवा. नाम म्हणून जे खटकतं ते गुण म्हणून चालतं. "तिलसितच्या तहाच्या वेळी रशियाच्या झारशी बोलताना नेपोलियनने मुत्सद्दीपणा दाखवला" हे वाक्य काकाही पास करतील. शिवाजीमहाराजांचं तसंच आहे. त्यांच्या मुत्सद्दीपणाबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील, पण 'ते एक मुत्सद्दी होते' म्हणून पूर्णविराम दिलात तर वाचणारा चमकेल, कारण मुत्सद्दी हा मुळात कुणाचा तरी असतो. पेशव्यांचा, निजामाचा, ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा. धनी स्वतः मुत्सद्दी नसतो. तो मुत्सद्दी बाळगतो. कारकुनी जन्माचा हा डाग शब्दाने अजून पुसलेला नाही आणि काकांच्या कानाला नेमका तोच लागला.

लेखनाचं विचारलंत : शब्दात 'द्द' आहे, त्याला 'या' जोडला की 'द्द्या'. म्हणून मुत्सद्द्याने, मुत्सद्द्यांनी, मुत्सद्द्यांचा. 'मुत्सद्यांनी' सर्रास दिसतं, पण ते एक 'द' गिळून. 'गिरी' लावताना मात्र ईचा ए होतो : मुत्सद्देगिरी. आणि स्त्रीलिंगी रूप नाही. ताराबाई असो की रशियाची कॅथरीन, विशेषण म्हणून 'मुत्सद्दी' तसाच ठेवायचा. 'मुत्सद्दीण' कुणी लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.