रामगडची गाडी पनवेलजवळ अडवली होती

प्रश्न : नवी मुंबईत 'शोले' सिनेमावर सजवलेलं एक हॉटेल आहे. नवऱ्याचा पन्नासावा वाढदिवस तिथे करायचं ठरतंय. मैत्रिणीनं मेन्यूकार्डाचे फोटो पाठवले, पण प्रत्येक पदार्थाला सिनेमातल्या पात्राचं नाव. मागवायचं काय तेच कळेना. तुम्ही गेला आहात का?
— एक वाचक, कळवा

दोनदा गेले आहे. नावांकडे लक्ष देऊ नका. वेटरला बोलावून सरळ विचारा, "यात आहे काय?" मुलं चांगली आहेत, न कंटाळता सांगतात.

गब्बरच्या नावाचा रस्सा तिखट असेल असं वाटतं. तो तिखट नाही, तेलकट आहे. स्टार्टरची दोन्ही पानं सोडून द्या, ते पनीर कुठल्याही नाक्यावर मिळतं. ठाकूरच्या नावाची थाळी मात्र जीव लावून केलेली आहे. ज्वारीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येते. माझ्या भाकरीला पूर्ण पापुद्रा सुटला होता, बोट लावलं तर वाफ आली. सोबत पिठलं, भरलं वांगं, खर्डा आणि ताक. खर्डा पाट्यावर वाटलेला वाटला, मिरचीचे तुकडे दाताखाली येत होते. दोघांत एक थाळी आणि वर दोन भाकऱ्या पुरतात. पाणी तांब्याच्या लोट्यातून देतात, पण लोटा जड आहे. घरात कुणाचे हात दुखत असतील तर ग्लास मागून घ्या.

एक गोष्ट मी त्यांच्या अभिप्रायाच्या कार्डावरही लिहून आले. सिनेमातलं रामगड उभं केलं होतं कर्नाटकात, बंगळुरूपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या रामनगरला. तिथल्या ताटात नाचणीचा मुद्दा असतो, उकडीसारखा घोटून गोळा केलेला, आणि त्याबरोबर सारू, म्हणजे तिकडचं पातळ सार. ज्या स्वयंपाकघरात अशी भाकरी होते, तिथे मुद्दाही उत्तम होईल. नाचणी आपल्या ठाण्या-रायगडाला परकी नाही. मग रामगडच्या नावाखाली तंदुरी रोटी का द्यायची?

आणि खरं तर या सिनेमात खाण्यापिण्याचे प्रसंग फार नाहीतच. डाकू गावात येतात ते धान्य न्यायला. लोकांच्या ओठांवर राहिलेला खाण्याचा उल्लेख म्हणजे कालियानं सरदाराला सांगितलेलं मीठ. कालिया झालेले विजू खोटे पडद्यावर किती थोडा वेळ आहेत! पण मृत्यू समोर उभा असताना मिठाची आठवण करून देणारा तो आवाज कुणीच विसरलेलं नाही. म्हणून तिथे ताटात पहिल्यांदा डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढतात, ते मला फार आवडलं. आपल्या पानात मिठाची जागा असतेच, इथे तिला आणखी एक अर्थ आला.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते भाजी आणायलासुद्धा बाहेर पडत नाहीत. टीव्हीवर 'शोले' लागला की मात्र उठून बसतात. म्हणून त्यांना त्या हॉटेलात न्यावं असं मनात आहे. दोन अडचणी आहेत. त्यांच्या कानाला मशीन आहे, गोंगाट सोसत नाही. दुसरी अडचण नाजूक आहे. सिनेमातल्या रेल्वेगाडीचं शूटिंग पनवेलजवळ झालं आणि आपण मित्रांबरोबर सायकलवरून ते बघायला गेलो होतो, असं अण्णा नेहमी सांगतात. माझी मुलं म्हणतात, "आजोबा, शूटिंग कर्नाटकात झालं, मोबाईलवर लिहिलंय." परवा धाकटा पाहुण्यांसमोर तसं म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत, उठून आत गेले. हॉटेलात पुन्हा तोच विषय निघाला तर?
— एक वाचक, नवीन पनवेल

आधी दुसऱ्या अडचणीचं सांगते, कारण तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप लागली नाही.

अण्णा खरं सांगतात. 'शोले'चं चित्रीकरण १९७३ च्या ऑक्टोबरात रामनगरला सुरू झालं, गाव तिथलं, टेकड्या तिथल्या, एवढं मुलांचं बरोबर. पण सगळा सिनेमा तिथे झाला नाही. तुरुंगाचा सेट मुंबईत राजकमल स्टुडिओजवळ उघड्यावर बांधला होता. आणि मालगाडीवर घोडेस्वार डाकू चालून येतात, तो प्रसंग पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावर चित्रित झाला. पडद्यावर काही मिनिटांत संपणाऱ्या त्या प्रसंगाला सात आठवड्यांहून जास्त लागले. सात आठवडे कोळशाचं इंजिन, घोडे, गोळीबाराचे आवाज. आणि सायकलच्या अंतरावर वीस वर्षांची पोरं. ती बघायला गेली नसती तरच नवल.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १९७० ची. तुम्ही आज ज्या सोसायटीत राहता त्या बाजूला तेव्हा या इमारती नव्हत्या. मुलांनी पनवेल पाहिलंय ते मॉल आणि उड्डाणपुलांचं. त्या पनवेलात घोडे धावलेले त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, यात त्यांचा दोष कमी आहे. पण कुणीतरी त्यांना हे सांगायला हवं, आणि ते अण्णांनी सांगून भागणार नाही. ते तुम्ही सांगा, हॉटेलात जायच्या आधी, घरी. हे पानच धाकट्याच्या हातात द्या. त्याला रागावू मात्र नका. अण्णांसमोर माफी मागायलाही लावू नका, त्यानं अण्णाच जास्त अवघडतील.

आता कानाचं. माझ्या मोठ्या भावालाही मशीन आहे. त्याला मी पहिल्यांदा शनिवारी रात्री तिथे नेलं, ती माझी चूक. आमचं टेबल बरोबर स्पीकरखाली होतं. दर थोड्या वेळानं टापांचा आवाज, मग गोळ्या, मग टाळ्या. मशीन सगळेच आवाज मोठे करतं, त्यात शेजारच्या माणसाचं बोलणं बुडून जातं. दहा मिनिटांनी दादानं मशीन कानातून काढलं, रुमालात गुंडाळलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. मग खाली मान घालून जेवला. आम्ही पाच जण हसत-बोलत होतो आणि तो त्या टेबलावर नव्हताच. घरी परतताना गाडीत "जेवण छान होतं" एवढंच म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात मंगळवारी दुपारी सव्वाबाराला पुन्हा गेलो, फक्त आम्ही दोघं. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की कानाचं मशीन असलेला माणूस येतोय, टेबलाजवळचा स्पीकर बंद ठेवा. कॅप्टननं ठेवला. दादाला भिंतीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे मागून आवाज येत नाही आणि समोरच्याचे ओठ दिसतात. तुम्हीही असंच करा. एका वेळी एकानंच बोलायचं हे मुलांना आधी सांगा. दारात तीन पायऱ्या आहेत आणि त्यांना कठडा नाही, तेवढा हात धरा.

त्या दुपारी दादा बोलला, आणि किती बोलला! ठाण्यात चरईतल्या आमच्या चाळीत गणपतीच्या मांडवात 'शोले'च्या संवादांची तबकडी लावायचे. पॉलिडॉर कंपनीनं गाण्यांबरोबर संवादांचीही तबकडी काढली होती. मी लहान होते, मला गब्बरचा आवाज आला की आईच्या पदरात तोंड लपवायचं एवढंच आठवतं. दादा सांगत होता की तबकडीवर एके ठिकाणी चरा पडला होता, तिथे सुई अडकायची आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा. मग मंडळाचा एक मुलगा तबकडीजवळच बसून राहायचा, सुई उचलून पुढे ठेवायला. तो मुलगा दादाच होता. मला हे साठीला आल्यावर कळलं. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात सत्तर एमएमच्या पडद्यावर त्यानं सिनेमा पाहिला तेव्हा नाणं पडल्याचा आवाज असा आला की शेजारच्या मित्रानं वाकून खुर्चीखाली पाहिलं, हेही त्याच दुपारी सांगितलं. मिनर्व्हात तो सिनेमा पाच वर्षांहून जास्त चालला, त्यातल्या किती खेळांना दादा गेला असेल देव जाणे. भाकरी गार झाली होती, आम्ही पुन्हा गरम मागवली.

म्हणून अण्णांना न्याच. टेबल घेताना रेल्वेच्या डब्याचं मागा. आत गेल्यावर उजव्या हाताला आहे : समोरासमोर लाकडी बाकं, खिडकीला आडवे गज, मागच्या भिंतीवर धावत्या मालगाडीचं चित्र. सहा माणसं बसतात. या डब्यात मी बसले तेव्हा मॅनेजरला विचारलं, "हे शूटिंग कुठे झालं माहीत आहे का?" तो म्हणाला, "रामगडला." मी त्याला पनवेल सांगितलं तर त्याला विश्वास बसेना. मुलगा कामोठ्याचा होता! रोज त्याच रुळांच्या बाजूनं कामाला येतो. हॉटेल नवी मुंबईत, डबा बांधलाय हौसेनं, आणि खरी गाडी शेजारी अडवली होती ही गोष्ट त्या भिंतीवर कुठेच नाही.

त्या भिंतीवर आणखीही काही नाही. नट-नट्यांचे, दिग्दर्शकाचे, लेखकांचे फोटो आहेत, असायलाच हवेत. पण अख्खं रामगड उभं करणारे कलादिग्दर्शक राम येडेकर नाहीत. एम. एस. शिंदे नाहीत. त्या सिनेमाला फिल्मफेअरची नऊ नामांकनं होती आणि पुरस्कार एकच मिळाला, संकलनाचा, तो शिंद्यांना. ज्या हॉटेलात निम्मी गिऱ्हाइकं मराठी बोलतात, तिथे ही दोन नावं लागायला काय हरकत आहे? मॅनेजरनं लिहून घेतली आहेत. तुम्ही गेलात की तुम्हीही विचारा. चार जणांनी विचारलं की फोटो लागतो.

संध्याकाळचं एक सांगून ठेवते. रोज सातला तिथे मोठे दिवे मालवतात, माउथ ऑर्गनची धून लावतात आणि कठड्यावरचे कंदील एकेक करून विझवतात. विधवा राधा दिवे मालवते आणि जय खाली बसून वाजवतो, तो प्रसंग. कॅमेरामन द्वारका दिवेचा यांना त्या संधिप्रकाशासाठी तो छोटा प्रसंग टिपायला वीस दिवस लागले होते. हॉटेलनं ते फार हळुवारपणे केलंय, कुणी जोरात बोलत नाही. पण सासूबाईंना जाऊन वर्षच झालंय. पहिल्या वेळी दुपारचीच वेळ घ्या. पुढे कधी अण्णाच म्हणाले तर संध्याकाळी जा.

डब्यात बसल्यावर "अण्णा, सांगा ना" असं एकदम म्हणू नका. आमच्या पिढीच्या माणसाला असं विचारलं की तो म्हणतो, "काय सांगायचं त्यात." लहान प्रश्न विचारा. सायकल कुणाची होती? घरी काय सांगून निघालात? घोड्यांना पाणी कुठलं पाजायचे? डबा नेला होता का? आणि हे प्रश्न धाकट्याला विचारू द्या. मोबाईल त्याच्याच हातात असतो, तर अण्णांचा आवाज त्यानंच रेकॉर्ड करावा. त्या सात आठवड्यांत रुळाच्या कडेला उभी असलेली माणसं आता थोडी राहिली आहेत.

घरी आल्यावर मला दोन ओळी लिहा. गाडी कुठल्या बाजूनं येत होती आणि अण्णा रुळाच्या कुठल्या अंगाला उभे होते, ते मला ऐकायचंय. मी जागा बघायला येईन, अण्णांना चालत असेल तर त्यांच्याबरोबर.