प्रश्न तुमचे, उत्तर गाण्याचं: मध्यमानंतर मोठा खंड, आता विशारद

प्रश्न: मी ४९ वर्षांची आहे. शाळा-कॉलेजच्या वयात अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘मध्यमा पूर्ण’ ही विशारदच्या आधीची गाण्याची परीक्षा दिली होती. मग नोकरी आणि संसारात गाणं सुटलं ते सुटलंच. आता पुन्हा क्लासला जाते. विशारद करायची फार इच्छा आहे, पण तारषड्ज (वरचा सा) ओढून लावावा लागतो, बड्या ख्यालात (संथ लयीतल्या ख्यालात) सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हरवते आणि शास्त्राचं पाठांतर टिकत नाही. बरोबरची मुलं माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत. येत्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राचा फॉर्म भरू का?
– एक वाचक

उत्तर: ताई, हे सत्र सोडा, पुढचं एप्रिल-मेचं धरा. तुमची तयारी कमी आहे असं समजून मी हे सांगत नाही. तुमच्यासारख्या बऱ्याच जणी माझ्याकडे शिकल्या आहेत आणि सगळ्यांचं दुखणं एकच असतं: मधल्या काळात गळा मागे राहिला, कान मात्र पुढे गेला. इतकी वर्षं तुम्ही चांगलं गाणं ऐकत होतात. त्यामुळे स्वतःचा गंधार जरासा उतरला की तो लगेच टोचतो. सोळा वर्षांच्या मुलीला तो ऐकूही येत नाही, म्हणून ती बिनधास्त ताना मारते. तेव्हा त्या मुलांशी तुलना करू नका. तुमचा कान हे तुमचं भांडवल आहे, रियाज त्याच्या बळावर बेता.

आधी पट्टी, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते. लहानपणी पेटीच्या काळी पाचमध्ये गात असाल तर आजही तिथेच गायचा हट्ट नको. वयानुसार बायकांचा आवाज खाली येतो, त्यात कमीपणा काही नाही. पांढरी सहा करून बघा, मग काळी चार. जिथे मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम भरीव लागतो आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार मान न ताणता लागतो, ती तुमची पट्टी. परीक्षक सूर बघतात, काळी-पांढरीचे गुण नसतात. सकाळी खर्जात संथ आकार लावा, गळा तापल्यावरच वर जा. तंबोरा ॲपवरचा असला तरी चालेल, पण रागाप्रमाणे लावा. पूरिया, मारव्यात पंचम नाही, तिथे पहिली तार निषादाची हवी. आजही अनेक विद्यार्थी पंचमावर पूरिया घोटत बसतात आणि सूर का लागत नाही म्हणून हैराण होतात.

आता सम. याचं उत्तर गळ्यात नाही, ठेक्यात, म्हणजे तबल्याच्या बोलांत आहे. विलंबित एकतालात ‘धागे तिरकिट’ दोनदा येतं. ३-४ मात्रांवर एकदा, ९-१० मात्रांवर पुन्हा. पहिल्यानंतर ‘तू ना’, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ आणि लगेच सम. बहुतेक जण पहिल्या तिरकिटाला दुसरं समजतात आणि मुखडा (समेवर आणणारी बंदिशीची सुरुवात) अर्धं आवर्तन (तालाचा अर्धा फेरा) आधीच उचलतात. खूण लक्षात ठेवा: मधे ‘कत्’ ऐकू आला की त्यानंतरचं तिरकिट आपलं. काही दिवस गाऊ नकाच. नुसता ठेका लावा, हाताने टाळी-खाली (खाली म्हणजे टाळी न देता हात उघडायची जागा) द्या आणि फक्त मुखडा म्हणून समेवर या. कंटाळवाणं आहे, पण बड्या ख्यालाची भीती जाते ती इथेच. मग एकाच रागात बढत (टप्प्याटप्प्याने विस्तार) करा. सगळे राग थोडे थोडे करण्यापेक्षा दोन राग असे तयार करा की मध्यरात्री उठवलं तरी गाता येतील. बाकीच्यांची बंदिश, आलाप आणि मोजक्या ताना पक्क्या असल्या की निभावतं.

शास्त्राचं पाठांतर होत नाही म्हणता, तर पाठ करूच नका. गाऊन लिहा. भूप आणि देशकार घ्या. स्वर तेच पाच. पण भूपात गंधारावर थांबा, देशकारात धैवतावर. एक संध्याकाळचा कल्याण थाटातला, दुसरा सकाळचा बिलावल थाटातला. पाठोपाठ दोन्ही गायलात की वादी-संवादी (रागातला मुख्य आणि दुय्यम स्वर), पूर्वांग-उत्तरांग (सप्तकाचा खालचा आणि वरचा भाग) हे शब्द आपोआप जागेवर बसतात. मारवा, पूरिया, सोहनी यांचंही तसंच. समप्रकृतिक (एकमेकांशी मिळत्याजुळत्या) रागांच्या प्रश्नावर मोठी माणसं मुलांपेक्षा सुंदर लिहितात, हे मी पाहिलेलं आहे.

लयकारी (ठेका दुप्पट-तिप्पट वेगात बसवणं) मात्र कागदावरच सुटते. झपतालाची तिगुन समेवर आणायची आहे. १० मात्रांचा ठेका तिप्पट वेगात ३ पूर्णांक एकतृतीयांश मात्रांत संपतो, म्हणून सुरुवात सातव्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागात. सातवी मात्रा ‘ऽऽधी’, मग ‘नाधीधी’, ‘नातीना’, ‘धीधीना’, आणि सम. हे एकदा स्वतः मांडलंत की त्रितालाचं तुम्हीच काढाल.

एक सावधगिरी, कारण यात हकनाक गुण जातात. तुमच्या जुन्या वहीत पलुस्कर स्वरलिपी (गाणं लिहायची एक पद्धत) असेल आणि हल्लीच्या पुस्तकात भातखंडे, तर दोन्हींची सरमिसळ होते. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला +, भातखंड्यांत समेला × आणि खालीला ०. त्याहून घातक म्हणजे टिंब: स्वराच्या डोक्यावरचं टिंब पलुस्करांत मंद्र सप्तक दाखवतं, भातखंड्यांत तार. एक पद्धत ठरवा आणि पेपरभर तीच वापरा. अभ्यासक्रमही जुन्या वहीवरून नको, मंडळाचा सध्याचा मागवून घ्या.

मुलांचं म्हणाल तर त्यांना कामाला लावा. एकीला हाताने ताल धरायला सांगा, दुसऱ्याला आलाप करायला सांगून तुम्ही राग ओळखा. तोंडी परीक्षेत हेच विचारतात. परीक्षेआधी काही बैठका तबलजीबरोबर कराच. ॲपचा ठेका तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्याकडे बघतही नाही. साथीदाराकडे बघून लय सांगायची, मुखड्याला मान हलवायची, ही सवय माणसाबरोबरच लागते. फेब्रुवारीत त्या दोन रागांचे बडे ख्याल न थांबता गाता आले, तर एप्रिल-मेसाठी निःशंक बसा. नाही आले, तर मला पुन्हा लिहा आणि नेमकं कुठे अडतंय ते कळवा.